एकवीस दिवसांचा जर्मन रस्ता

पिलणकरांच्या माजघरात जर्मनी पसरून ठेवल्याला आज तिसरा दिवस. हॅम्बुर्गच्या कोपऱ्यावर अडकित्ता, आल्प्सवर आत्याबाईंचा पानाचा डबा, आणि फ्रान्सच्या बाजूने वारा शिरून सगळाच देश उडू नये म्हणून तिकडे एक सोललेला नारळ, असा बंदोबस्त होता. नकाशावर पाय पडायला नको म्हणून माणसे भिंतीला पाठ लावून खेकड्यासारखी आडवी चालत. भांडताना मात्र मधोमध येत.

वाद एवढाच होता, की सखारामच्या मोटारीत कोणी बसायचे.

सखाराम हा आत्माराम पिलणकरांचा धाकटा. आत्माराम बोटीवर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम होते, म्हणून सगळे त्यांना आत्माराम सारंगच म्हणत. स्टुटगार्टला जाऊन त्याला चार वर्षे झाली होती. यंत्रविद्येची परीक्षा उतरून तो तिथल्याच एका कारखान्यात लागला होता आणि आता त्याने एक जुनी मोटार घेतली होती. 'ती. बाबांचे सेवेसी' असे सुरू होणाऱ्या पत्रात त्याने कळवले होते, की ऑगस्टात आपल्याला एकवीस दिवस रजा आहे. दोन माणसांच्या बोटीची सोय केली आहे. हॅम्बुर्गच्या धक्क्यावर मोटार घेऊन उभा राहीन आणि देशभर फिरवून पुन्हा तिथेच आणून पोचवीन. 'बाबा व आणखी एक, असे यावे. आणखी एक कोण, ते घरात ठरवावे. कुठे कुठे थांबायचे तेही तिकडूनच ठरवून लिहावे.'

आपली बायको चार वर्षे वडिलांच्या घरात आहे, असा उल्लेख पत्रात नव्हता. नसणारच. वडिलांना लिहिलेल्या पत्रात बायकोचे नाव घालणारा मुलगा पिलणकरांत अजून जन्मायचा होता. 'घरातील सर्वांस यथायोग्य' एवढ्या जागेत बायको, शेजारी आणि म्हैस दाटीवाटीने बसवून घ्यायची, ही रीत. बायकोनेही वेगळे पत्र लिहायचे नाही. घरातून एकच लखोटा जायचा.

पत्रामागून लाल पुठ्ठ्याचे एक जाडजूड इंग्रजी प्रवासपुस्तक आणि हा नकाशा आला. पार्सलावर 'बाबांसाठी' असे लिहिले होते. आत्माराम सारंगांना होकायंत्र वाचता येत असे, ढग वाचता येत, आणि पाच भाषांतल्या शिव्या उच्चारांसकट येत. इंग्रजी अक्षर मात्र एक येत नव्हते, आणि हे सखारामला माहीत होते. पुस्तक त्याच दिवशी धाकट्या सुनेच्या खोलीत गेले. कसे गेले, हे कोणी विचारले नाही.

दमयंती इंग्रजी पाचवी शिकलेली. दोन महिने दुपारची निजानीज झाली की ती पुस्तक उघडी. शिवणाच्या रिळाचा दोरा ओला करून ती तो नकाशातल्या रस्त्यांवर वळणावळणाने बसवी, मग सरळ करून पट्टीने मोजी. अशा दोऱ्याने तिने हॅम्बुर्ग ते म्युनिक आणि परत, असा एकवीस दिवसांचा रस्ता काढला होता. कुठे किती दिवस, मोटारीला दम कुठे द्यायचा, कोणत्या गावात रविवार येऊ द्यायचा नाही कारण दुकाने बंद असतात, सगळे एका कागदावर उतरले होते. आज सोमवार. अकराच्या टपालाने उत्तर गेले नाही, तर मुंबईहून सुटणारी विलायतेची टपालबोट चुकत होती, आणि मग सखारामने धरून ठेवलेल्या जागा सुटत होत्या.

सकाळी आठ वाजता थोरला भिकाजी तो कागद हातात घेऊन नकाशाच्या मधोमध उभा राहिला. तो म्युनिसिपालटीत हेडक्लार्क होता आणि कुठलाही कागद तो नामंजूर करायच्या हेतूनेच वाचायला घेई.

"हायडेलबर्ग. दोन दिवस," त्याने वाचले. "तिथं आपलं कोण आहे?"

"कोणी नाही, भावोजी," दमयंती दारातून म्हणाली.

"मग उतरायचं कुणाकडे?"

"खाणावळी असतात. पैसे देऊन राहतात लोक."

"पैसे देऊन," यमुनाआत्या पान जुळवता जुळवता म्हणाल्या, "परक्याच्या गादीवर."

आत्याबाई आत्माराम सारंगांची थोरली बहीण. ऐन तिशीत विधवा होऊन भावाकडे आल्या आणि भाऊ बोटीवर असताना त्याचे घर त्यांनी बोटीसारखे चालवले. त्यांच्या हिशेबी प्रवास म्हणजे घरांची रांग. सावर्ड्याला मोटार थांबते, कारण तिथे थोरल्या सुनेच्या मावशीचे घर आहे. जयगडला माणूस जातो, कारण तिथे व्याही आहेत. ज्या गावात आपले कोणी नाही ते गाव लागतच नाही, मधून नुसता रस्ता जातो.

भिकाजीने खिशातून स्वतःची यादी काढली. तीत गावे नव्हती, माणसे होती. ब्रेमेनला बाबांच्या जुन्या बोटीवरचे बडे इंजिनेर साहेब, हयात असल्यास. स्टुटगार्टला सखारामची घरमालकीण. आणि लाइपझिगला प्राध्यापक. हे प्राध्यापक चार वर्षांपूर्वी एक शिलालेख वाचायला रत्नागिरीत आले होते. म्युनिसिपालटीने त्यांना चहा दिला. जाताना, कधी लाइपझिगला आलात तर जरूर या, असे ते जमलेल्या चाळीस माणसांना उद्देशून म्हणाले होते. त्यातले भिकाजीने स्वतःपुरते जपून ठेवले होते.

"त्यांच्याकडे चार दिवस," तो म्हणाला. "त्याहून कमी राहिलो तर त्यांना वाईट वाटेल."

"त्यांना कळवलंय का?" आत्माराम सारंगांनी झोपाळ्यावरून विचारले.

"बाबा, आमंत्रण त्यांचंच आहे."

"लाइपझिग एका टोकाला आहे," दमयंती म्हणाली. "मी दोरा लावून पाहिलं. ते घातलं की एकोणतीस दिवस होतात. रजा एकवीसच आहे."

"घेईल वाढवून. मी नाही घेतली तीन महिन्यांची?"

हे वाक्य तोंडातून गेल्यावर भिकाजीच्या लक्षात आले, की ते अजून घरात कोणाला सांगितलेले नाही. स्वयंपाकघरातले खोबरे किसणे थांबले. विळी बाजूला ठेवल्याचा आवाज आला आणि विमला, भिकाजीची बायको, हात पुसत दारात आली.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "विहिरीवर कळलं. गोदा म्हणाली, वैनी, फोटोत तुमच्या ह्यांच्या गळ्यात हार कसला गो? मी म्हटलं, कुठला फोटो? तर म्हणे कचेरीत निरोप दिला त्यांना, जर्मनीला चालले म्हणून. भाषणंसुद्धा झाली."

"ते सहकाऱ्यांनी हौसेनं…"

"त्या दिवशी इस्त्रीचं धोतर मीच काढून दिलं होतं. मला वाटलं, कुणाच्या तेराव्याला चाललात."

"विमल, हा पुरुषांचा…"

"पुरुषांचा काय? गावाला निरोप देऊन झाला, आणि घरात अजून कोण जायचं ते ठरतंय."

भिकाजीला मनापासून अन्याय वाटला. त्याची बाजूही अगदीच पोकळ नव्हती. धाकट्याने शिकावे म्हणून थोरला सोळाव्या वर्षी कचेरीत चिकटला. धाकटा परदेशी गेल्यावर वडिलांचा दमा, आत्याचे डोळे, घराची कौले, सगळे थोरल्याकडे राहिले. जो लांब जातो त्याची पत्रे शेजारी मागून नेऊन वाचतात. जो घरी राहतो त्याने बाजारातून काय आणले नाही तेवढे निघते. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या गळ्यात हार पडला होता. तो उतरवून परत कसा द्यायचा असतो, हे त्याला माहीत नव्हते.

"मी थोरला आहे," तो एवढेच म्हणाला. "आणखी एक म्हणजे दुसरं कोण असणार?"

आत्याबाईंनी विषय धर्माकडे नेला.

"त्या मुलखात देवाचं काय हाय की नुसती यंत्रं?"

"देवळं मोठी आहेत त्यांची," दमयंती म्हणाली. मग नकाशाजवळ येऊन बसली आणि खाली एका ठिकाणी तिने बोट ठेवले. "आणि ही डॅन्यूब. आपल्या गोदावरीहून मोठी नदी. ती इथं उगम पावते. दगडांनी बांधलेलं गोल कुंड आहे, पायऱ्या उतरून जायचं. तिथून थोड्या अंतरावर भर उन्हाळ्यात ती नदी आपल्याच पात्रात बुडून जाते. नुसते गोटे राहतात. आणि दुसऱ्याच मुलखात जमिनीतून वर येते."

आत्याबाईंचा चुना लावणारा अंगठा थांबला. राजापूरची गंगा आली म्हणून कळल्यावर त्या चार वेळा बैलगाडीतून गेल्या होत्या.

"राजापूरच्या गंगेसारखी?"

"ती येते नि जाते. ही जाते नि दुसरीकडे निघते."

"भिकाजी, तुझ्या यादीत हाय ही?"

"आत्या, तिथं आपल्या ओळखीचं कोणी नाही."

"राजापूरची गंगा काय तुझ्या ओळखीची होती रे मेल्या?"

वारा फिरला. आत्याबाई नकाशाजवळ सरकल्या, डोळे बारीक करून त्यांनी निळी रेघ पाहिली, आणि सगळा रस्ता पहिल्यापासून सांगायला लावला. दमयंतीने सांगितला. कोलोनच्या देवळाची शिखरे, कोब्लेंझचा दोन नद्यांचा संगम, म्युनिकचे ते भलेमोठे संग्रहालय जिथे अख्खे गलबत छपराखाली ठेवले आहे. आत्माराम सारंग झोपाळा थांबवून ऐकत होते. एकोणीस वेळा ते हॅम्बुर्गला गेले होते आणि एकोणीस वेळा त्यांनी कोळशाच्या राशी, क्रेनचे पाय आणि गोदीचा दरवाजा पाहिला होता. दरवाज्यापलीकडे जर्मनी आहे असे ते ऐकून होते. सांगता सांगता दमयंतीचा आवाज मोकळा झाला. विमला दारचौकटीला टेकून ऐकत राहिली. आत भात लागला तरी हलली नाही.

"रस्ता चांगला काढलास हो," शेवटी आत्याबाई म्हणाल्या. "हाच ठेवा. कुंडाचं पाणी मात्र बाटलीत भरून आणायचं. भिकाजी, बाटली विसरशील."

दमयंतीने मान वर केली.

"माझी हरकत नाही," भिकाजी उदार होऊन म्हणाला. रस्ता मंजूर होण्याबरोबर माणूसही मंजूर झाला होता, हे त्याला लगेच उमगले. "फक्त हायडेलबर्ग आणि हे कोब्लेंझ काढून लाइपझिगचे दोन दिवस बसवू. मी प्राध्यापकांची समजूत घालीन."

"आणि दमयंती?" विमलाने विचारले.

"तिचं काय?" आत्याबाई म्हणाल्या. "सून सासऱ्याबरोबर बोटीत महिनाभर जायची काय? आणि मोटारीत बसायची कुठं, नवऱ्याच्या शेजारी, सासरा मागं? सखारामाला पाहिजे असती तर लिहिलं असतं त्यानं."

"कसं लिहिणार? तुम्ही लिहू देता होय?"

"विमल, भात लागला गो."

आत्माराम सारंगांनी घड्याळाकडे पाहिले. बोटीवर तीस वर्षे खलाशी हाकलेला माणूस. त्याचा एक नियम होता. भर समुद्रात तंटा झाला, तर न्याय बंदरावर बघायचा; तोवर जो जास्त ओरडतो त्याला काहीतरी द्यायचे आणि बोट चालू ठेवायची. भिकाजीचा हार घातलेला फोटो काढून झाला होता. धाकट्या सुनेने चार वर्षांत आवाज केला नव्हता. उत्तर सोपे होते. चुकत होते असे त्यांनाही वाटत होते, पण साडेदहा वाजायला आले होते.

"घे लिहायला," ते दमयंतीला म्हणाले. सारंगांची पत्रे तीच लिही. भिकाजीच्या पत्राला अर्जाचा वास येतो, अशी त्यांची तक्रार होती. "चि. सखाराम यास आशीर्वाद. तुझे पत्र पावले. रस्ता सोबत जोडला आहे. मी व चि. भिकाजी, असे दोघे…"

टाक चालण्याचा आवाज येईना.

"दोघे," त्यांनी पुन्हा सांगितले.

"हे मी लिहिणार नाही, मामंजी."

दमयंतीने टाक दौतीत परत ठेवला होता. तो हळूच ठेवला होता, पण माजघरातली सगळी माणसे त्या दौतीकडे बघू लागली.

"काय म्हणालीस?" आत्याबाई म्हणाल्या.

"दुसरं काहीही सांगा, लिहिते. भावोजींनी आपल्या हातानं लिहावं. माझ्या हातून हे होणार नाही."

"बघा," भिकाजी म्हणाला. "मी म्हणत होतो. पुस्तकं दिली की हेच होतं."

"पुस्तक कुणी दिलं मला, भावोजी?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली उतरला, आणि त्यामुळे जास्त ऐकू आला. "पार्सल मामंजींच्या नावाचं होतं. मामंजींना इंग्रजी येत नाही. तुम्हाला येतं, तुमच्या नावानं का नाही पाठवलं? दोन महिने मी रस्ता काढला तो चालला तुम्हाला. गावं चालली. आत्याबाईंना नदी चालली. मोटार कुठं थांबवायची हे मी सांगायचं, आणि मोटारीतून उतरायचं तुम्ही."

"तुझं नाव कुठं आहे पत्रात? दाखव."

"नाहीय. चार वर्षांतल्या एकाही पत्रात नाहीय. तुमच्या घराची रीत आहे म्हणून नाहीय. माझं नाव कागदावर नाही, म्हणजे मी इथं नाही, असं होत नाही, मामंजी."

शेवटचे तिने भिकाजीला नाही, सारंगांना सांगितले.

झोपाळ्याची कडी एकदा कुरकुरली. आत्माराम सारंग पाय जमिनीला टेकून बसले होते. त्यांची नजर नकाशात हॅम्बुर्गवर ठेवलेल्या अडकित्त्यावर होती.

"अक्का," ते बहिणीला म्हणाले, "मी हॅम्बुर्गला असताना तू पत्र पाठवलं होतंस. मास्तरांकडून लिहवून."

"किती पाठवली," आत्याबाई म्हणाल्या. पण हातातले पान त्यांनी डब्यात परत ठेवले.

"एकच म्हणतो मी. घरात वाईट झाले, धीर धरावा, बाकी सर्व खुशाल. एवढं होतं त्यात."

"दुसरं काय लिहायचं होतं? पुरुषाच्या पत्रात घरच्या बाईचं नाव…"

"घरात तीन बाया होत्या. आई होती, तू होतीस." त्यांनी श्वास घेतला, दमा होता. "चाळीस दिवस बोट चालली. कधी वाटे आई गेली. म्हातारी होती, तेच ठीक वाटे. कधी वाटे तू. तुम्हा दोघींसाठी रडून झालं माझं, अक्का. पोर्ट सैदला एकीसाठी, एडनला दुसरीसाठी. तिच्यासाठी रडलो नाही. ती तरणी होती, तिचं मनातही आलं नाही. इथं पडावातून उतरलो, तर धक्क्यावर आई दिसली. बाजूला तू दिसलीस. मग माझं मलाच समजलं."

भिकाजी तेव्हा सोळा वर्षांचा होता. धक्क्यावर तोही उभा होता. वडील पडावाच्या कडेला एकाएकी खाली बसले होते, हे त्याला आठवत होते. पाय लटपटले असतील, असे तो इतकी वर्षे धरून चालला होता.

"तुळसा," आत्माराम सारंग म्हणाले.

मुलाने आईचे नाव वडिलांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. बत्तिसाव्या वर्षी ते पहिल्यांदा ऐकताना त्याने यादीची घडी घातली, उलगडली, आणि पुन्हा घातली. आत्याबाईंनी पदर डोळ्याला लावला नाही. त्या नकाशाकडे बघत म्हणाल्या, "तेव्हा मला काय ठाऊक? सगळी तशीच लिहीत." आणि त्यांच्या आवाजात माफीपेक्षा राग जास्त होता, मास्तरांवर, रितीवर, चाळीस दिवस लावणाऱ्या बोटीवर, की सोळा वर्षे हे पोटात ठेवलेल्या भावावर, ते सांगता येणार नाही.

"नवा कागद घे," सारंग सुनेला म्हणाले. "मी व सौ. दमयंती, असे दोघे येत आहोत. नाव स्वच्छ लिही. आडनावासकट."

"आणि मी कचेरीत तोंड कसं दाखवू?" भिकाजी म्हणाला.

"तीन महिने रजा आहे तुझी. तोंड दाखवायचं कशाला?"

भिकाजीने ती यादी नकाशावर टाकली आणि टपाल आपण नेणार नाही, असे जाहीर केले. गावभर लोक विचारतील, मी काय सांगू, वडिलांनी मला उतरवला? मान-अपमान काही आहे की नाही? त्याचे बोलणे बरेच लांबले असते. पण विमलाने छत्री घेतली, पायात वहाणा सरकवल्या आणि ती ओटीवर जाऊन उभी राहिली.

"मी नेते. पेटी कुठं आहे ते मला ठाऊक आहे."

"तू? पोस्टात?"

"तुमचा निरोप झालाय. तुम्ही बसा घरात."

आत्माराम सारंगांनी पत्र सांगून संपवले. रस्ता जोडला, हायडेलबर्ग होते तसे राहिले, प्राध्यापक लाइपझिगला सुखरूप राहिले. कुंडाच्या पाण्याचे आत्याबाईंनी दोनदा लिहायला लावले, आणि दुसऱ्यांदा बाटलीचे मापही सांगितले. सारंग मग झोपाळ्यावरून उठले. कागदाच्या तळाशी तीन बोटे जागा उरली होती.

"तुला काही लिहायचं तर लिही," ते सुनेकडे न बघता म्हणाले आणि अंगणात निघून गेले.

दमयंती टाक घेऊन बसली. चार वर्षांचे सगळे आत साठले होते. त्यातले निम्मे बोल लावण्याचे होते आणि तीन बोटांत एकही बसण्यासारखे नव्हते. एक पत्र नाही. एक नाव नाही. पुस्तक पाठवायचे, तेही सासऱ्याच्या आडून. टाकाला लागलेली शाई वाळली. तिने पुन्हा बुडवला.

"आटप गो," विमलाने बाहेरून हाक दिली. "अकराला पिशवी बांधतात."

मग तिने भराभर लिहिले, न वाचता लखोट्यात घातले, गोंद लावला आणि जावेच्या हातात दिले.

'धक्क्यावर गर्दी असेल. टोपी काढून उभे राहावे. चार वर्षांनी ओळखायचे आहे, आणि ओळखल्यावर मी नावाने हाक मारणार आहे. दमयंती.'